बाबा झाडं बघतात, मी फोन बघते: व्हॉट्सॲपवर बोलताना आणि विकताना या चुका टाळा

मार्च उजाडला की आमच्याकडे दोन गोष्टी तापायला लागतात, कातळ आणि माझा फोन. रत्नागिरीजवळ आमची हापूसची कलमं आहेत. बाबा झाडं बघतात, भाऊ पेट्या भरतो आणि मी फोन बघते. पूर्वी माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा, दलालाकडून हिशेबाची पट्टी यायची, आणि आपला आंबा शेवटी कोणाच्या ताटात पडला ते आम्हाला कधीच कळायचं नाही. आता निम्म्याहून जास्त माल थेट घरोघरी जातो, आणि खाणारा रात्री साडेअकरा वाजता फोडीचा फोटो पाठवून विचारतो, "ताई, हा आतून असा का?"

हे चांगलंच झालं. पण ज्या खिडकीतून आत्याचं 'सुप्रभात' येतं, त्याच खिडकीतून कोथरूडची ऑर्डर येते, तिथेच लग्नाचं आमंत्रण आणि तिथेच कुणी गेल्याची बातमी. बाजार आणि माजघर यांच्यामध्ये पूर्वी ओसरी होती. फोनमध्ये ती नाही. गेल्या काही हंगामांत मी ज्या चुका केल्या, किंवा आजूबाजूच्यांना करताना पाहिल्या, त्या बहुतेक इथूनच आल्या: दुकानाची भाषा घरात गेली, किंवा घरची सवय दुकानात आली.

आपोआप जाणारं उत्तर सगळ्यांना जाऊ देणं

ही चूक आधी सांगते, कारण ती अजून बोचते. व्हॉट्सॲप बिझनेस हे धंद्यासाठीचं वेगळं ॲप २०१८ च्या जानेवारीत आलं. आम्ही ते घेतलं तेव्हा मी मोठ्या हौसेनं स्वागताचा मेसेज लिहिला होता: "नमस्कार! आमच्या आंबा परिवारात आपलं मनःपूर्वक स्वागत. आपली ऑर्डर लवकरच नोंदवली जाईल." एप्रिलमध्ये एका पहाटे मामेबहिणीचा मेसेज आला, "आई गेली. दहाला नेणार आहेत." मी झोपले होते. माझ्या फोननं मात्र तिचं परिवारात स्वागत करून ऑर्डर नोंदवायचं आश्वासन देऊन टाकलं होतं. तिनं आजवर तो विषय काढलेला नाही, म्हणून तर जास्त लागतं.

हा मेसेज कोणी पहिल्यांदा लिहिलं की जातो, आणि १४ दिवस संभाषण बंद असेल तर पुन्हा जातो. मामेबहिणीशी आपण रोज कुठे बोलतो? सेटिंगमध्ये बिझनेस टूल्समध्ये गेलात की हा मेसेज कोणाला जावा ते ठरवता येतं. तिथे 'ॲड्रेस बुकमध्ये नसलेल्या सगळ्यांना' हा पर्याय निवडा. रात्रीच्या 'आम्ही सध्या उपलब्ध नाही' या मेसेजलाही तोच नियम लावा.

त्याहून बरं म्हणजे धंद्याला वेगळा नंबर घ्या. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. घरचा नंबर बिझनेसवर नेलात तर सगळ्या गप्पाही तिकडे जातात. दुसरं सिम घेतलं की खर्च थोडा वाढतो, पण मामी आणि गिऱ्हाईक एका रांगेत उभे राहत नाहीत.

आकडे अक्षरांत, तारीख 'उद्या'

आपण बोलतो मराठीत आणि टाइप करतो इंग्रजी अक्षरांत. बोलण्यात चेहरा असतो, आवाज असतो, त्यामुळे निभावतं. ऑर्डरमध्ये निभावत नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'कधी' आणि 'कढी' एकसारखंच दिसतं. खानावळ चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला एकदा गिऱ्हाइकानं विचारलं होतं की डबा कधी मिळेल, आणि तिनं उत्तर दिलं, "फक्त गुरुवारी." भाजी आणि भजी यांचंही तेच.

हसण्यावारी जातं तोवर ठीक. 'सात' आणि 'साठ' मात्र हसण्यावारी जात नाहीत. गणपतीत उकडीचे मोदक करणाऱ्या बायकांना विचारा. इंग्रजी अक्षरांत सात लिहिताना कुणी शेवटी एक अक्षर जास्त लावतं, साठ लिहिताना कुणी तेच गाळतं. साठ मोदकांची उकड काढून बसल्यावर दारात सात मोदक न्यायला आलेला माणूस बघणं काय असतं ते त्यांनाच ठाऊक. संख्या नेहमी आकड्यांत लिहायची आणि समोरच्यानं अक्षरांत लिहिली असेल तर उत्तरात आपण आकड्यांत परत लिहून 'बरोबर ना?' विचारायचं. 'दीड', 'अडीच', 'पाऊण' हे शब्द मला फार आवडतात, पण पॅकिंगच्या चिठ्ठीवर ते नकोत.

'उद्या' हा तसाच फसवा शब्द. तो लिहिला बुधवारी रात्री, वाचला गुरुवारी सकाळी, आणि गुरुवारच्या सकाळी 'उद्या' म्हणजे शुक्रवार. एका काकांची पेटी मी याच घोळात एक दिवस उशिरा पाठवली आणि त्यांची अक्षय्य तृतीया आंब्याविना गेली. वार आणि तारीख दोन्ही लिहा.

आणि 'चालेल'. मराठीतला हा सगळ्यात गोड आणि सगळ्यात निरुपयोगी शब्द असावा. "५ डझनाची पेटी शनिवारी पाठवू का?" "चालेल." याचा अर्थ पाठवा, असा होतो. याचाच अर्थ पाठवलीत तर हरकत नाही पण मी मागवलेली नाही, असाही होतो. 'बघते', 'कळवतो', 'हरकत नाही' ही त्याचीच भावंडं. समोरासमोर आपण सुरावरून ओळखतो. मी आता एक नेम केला आहे: ऑर्डर ठरली की नाव, पत्ता, पिनकोड, किती, कोणत्या तारखेला, एकूण किती रुपये, हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवते आणि खाली विचारते, "हे पक्कं समजू?" त्यावर 'हो' आल्याशिवाय पेटी हलत नाही. क्विक रिप्लायमध्ये हा साचा साठवून ठेवता येतो, दर वेळी टाइप करावा लागत नाही.

साचा ठेवा, पण माणसाशी साच्यात बोलू नका. आमच्या भागातल्या एका पोरानं सगळ्या गिऱ्हाइकांना 'हाय डिअर' म्हणायला सुरुवात केली होती. मुलुंडच्या पंच्याहत्तरीच्या आजोबांनी त्याला फोन करून विचारलं, "बाळ, आपली ओळख कधीची?" नवं गिऱ्हाईक असेल तर 'नमस्कार' आणि 'तुम्ही'. दोन हंगाम झाले की काका, काकू, ताई, दादा आपोआप येतं. आणि जुन्या माणसांना आधी 'बरं आहे ना?' लागतं. त्यांच्या 'आंबा आला का' या प्रश्नात अर्धी चौकशी बाबांच्या गुडघ्याची असते. तिथे नुसतं भावपत्रक पाठवणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारता बिल देणं.

'मी तर सगळ्यांना पाठवलं, कुणालाच मिळालं नाही'

हंगामाच्या सुरुवातीला मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जणांपर्यंत नंबर घालता येतात, पण तो मेसेज पोचतो फक्त ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांना. तुम्ही त्यांचा साठवून उपयोग नाही. स्टेटसला तर दोन्ही बाजूंनी नंबर साठवलेला लागतो. म्हणजे गेल्या वर्षी ज्यांनी पेटी घेतली पण नंबर सेव्ह केला नाही, त्यांना तुमचा मोहोर दिसला नाही, कैरी दिसली नाही आणि आंबाही दिसणार नाही.

याला यंत्रातला उपाय नाही, माणसातला आहे. पेटीत आम्ही एक छोटी चिठ्ठी टाकतो: नाव, नंबर, आणि 'हा नंबर साठवून ठेवलात तर पुढच्या वर्षी पहिली तोड कधी ते कळेल.' एवढ्यानं बराच फरक पडतो. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आंबा कसा पिकवायचा ते लिहितो, म्हणजे ती फेकली जात नाही.

एकच टिक दिसत असेल तर घाबरून तोच मेसेज चारदा पाठवू नका. एक टिक म्हणजे तुमच्याकडून गेला, त्यांच्या फोनपर्यंत पोचला नाही. फोन बंद असेल, नेट नसेल, किंवा त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलं असेल. दोन करड्या म्हणजे फोनपर्यंत पोचला. निळ्या म्हणजे उघडला. काही जण निळ्या टिका बंद करून ठेवतात, त्यामुळे निळं झालं नाही म्हणजे वाचलंच नाही असं नव्हे.

सगळा मजकूर चित्रात कोंबणं

पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं, कोपऱ्यात आंबा, दुसऱ्या कोपऱ्यात गणपती, मध्ये भाव, खाली दोन नंबर आणि सर्वात खाली पत्ता. छापखान्यातल्या हँडबिलाची ही सवय. हँडबिल हातात धरून वाचता यायचं. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरं धुरकट होतात. शिवाय चित्रातला नंबर दाबून फोन लागत नाही, यूपीआय आयडी उचलून चिकटवता येत नाही, आणि महिन्याभरानं चॅटमध्ये 'आंबा' शोधलं तर ते चित्र सापडत नाही. चित्रात एक गोष्ट दाखवा आणि बाकी सगळं खाली मजकुरात लिहा.

अजून एक भानगड डीटीपीवाल्यांकडून येते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फोन बिघडलेला नसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाही एवढंच. बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यात जोडाक्षरं कधीकधी मोडतात, म्हणून चार ओळींसाठी सरळ फोनवरच देवनागरीत टाइप करणं परवडतं.

चित्राचा खरा उपयोग कुठे? आंब्याच्या धंद्यात 'डझन' समजावायला. पेटीचा आकार तोच असतो, म्हणून ४ डझनाच्या पेटीतला आंबा मोठा आणि ६ डझनाच्या पेटीतला लहान. नव्या गिऱ्हाइकाला हे उलटं वाटतं: "४ डझन महाग आणि ६ डझन स्वस्त? काय हिशेब आहे तुमचा?" मी दोन्ही आकारांचे आंबे वजनकाट्यावर शेजारी शेजारी ठेवून, आकडा दिसेल असा फोटो काढला. त्यानंतर हा प्रश्न जवळपास बंद झाला.

'भावासाठी इनबॉक्स करा'

करू नका. भाव विचारायला लाजणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. विचारून मग 'नको' म्हणायला तर त्याहून जास्त लाजतात. ती विचारतच नाहीत. भाव रोज बदलत असेल तर 'आजचा भाव' असं तारखेसह लिहा.

इन्स्टाग्रामवर याच्याच जोडीला दुसरी गंमत होते. तुम्ही ज्यांना फॉलो करत नाही, त्यांचे मेसेज बहुतेकदा 'रिक्वेस्ट'च्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतात. मला तो कप्पा जूनमध्ये सापडला. आत एप्रिलच्या ऑर्डरी होत्या.

रील्सबद्दल थोडं. टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेरीस बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले. टिकटॉकवर नाचणारी आमच्या गावातली पोरं तिकडे गेली आणि त्यातल्या दोघांनी बागेतले व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. तेव्हापासून मला विचारलं जातं, "अकाउंट बिझनेस केलं आणि चांगली गाणी गायब झाली, काय करू?" गाण्यांच्या हक्कांमुळे बिझनेस खात्याला सगळी गाणी मिळत नाहीत. गाणं लावूच नका, असं माझं मत. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, देठासकट फळ उतरवतानाचा आवाज, गवताची सळसळ, बाबा झाडावरून कोणाला तरी ओरडतायत, हे पुण्या-मुंबईत अडकलेल्या माणसाला कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त ओढतं.

तक्रारीला चारचौघांत उत्तर देणं

हापूसमध्ये साका नावाचा प्रकार असतो. वरून फळ देखणं, कापल्यावर आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर. बाहेरून तो ओळखता येत नाही, त्यामुळे कितीही काळजी घेतली तरी पेटीत एखादं फळ निघतंच. कोकण कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' काढला, त्यात साका होत नाही. पण गिऱ्हाइकाला हापूसच हवा. तर, साका येणार आणि तक्रारही येणार.

तीन वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या ग्रुपवर एका बाईंनी फोडीचा फोटो टाकला: "हे बघा, सडका आंबा आला." मी त्या ग्रुपमध्ये होते. मला राग आला, कारण तो सडका नव्हता, साका होता. मी तिथेच चांगली पंधरा ओळींची माहिती लिहिली. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. त्या बाईंना मात्र दीडशे शेजाऱ्यांसमोर आपण अडाणी ठरल्यासारखं वाटलं. मग त्यांच्या यजमानांनी लिहिलं, मग त्यांच्या विंगमधल्या तिघांनी. पुढच्या वर्षी त्या सोसायटीतून एकही पेटी गेली नाही. आंबे पिकवायची अढी गवतात घालायची असते, मी ती माणसांच्या मनात घातली.

आता मी ग्रुपवर एकच ओळ लिहिते: "काकू, वाईट वाटलं. आत्ताच फोन करते." आणि खरंच फोन करते. फोनवर आधी ऐकून घेते, मग साका म्हणजे काय ते सांगते, आणि खराब निघालेली फळं पुढच्या पेटीत वाढवून देते. हे सगळं झाल्यावर ग्रुपवर पुन्हा काही लिहायला जात नाही. बहुतेक वेळा ते काम त्या स्वतःच करतात.

लेखी रागाला लेखी उत्तर देण्याआधी दहा मिनिटं थांबा. पाठवलंच, तर १५ मिनिटांच्या आत ते दुरुस्त करता येतं आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतं. पुसताना घाईत 'डिलीट फॉर मी' दाबलं जातं आणि मग तो मेसेज तुम्हाला सोडून जगाला दिसत राहतो. खाली काही सेकंद 'अन्डू' दिसतं, ते पटकन दाबा.

न विचारता ग्रुप करणं, आणि फॉरवर्ड

गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका. एका ताईंनी दिवाळीच्या फराळासाठी शंभर गिऱ्हाइकांचा ग्रुप केला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचा नंबर उरलेल्या नव्याण्णवांकडे होता, आणि तिसऱ्या दिवशी त्यातला एक जण सगळ्यांना विमा विकत होता. ब्रॉडकास्टमध्ये कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. ग्रुप हवाच असेल तर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा.

ॲडमिन असण्याची भीती मात्र थोडी जास्तच पसरली आहे. गोंदियातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं की सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येणार नाही. दोघांनी मिळून ठरवून केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तरी घाण मजकूर दिसला की काढून टाकायला कुणाची वाट कशाला बघायची?

फॉरवर्डबद्दल आपल्याकडे विनोद खूप होतात. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच माणसांना जमावानं ठार मारलं. भटक्या समाजातली, भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. अशा अफवा तेव्हा देशभर व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला घेतली. २०२० च्या एप्रिलपासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, आणि त्यावर दोन बाणांची खूण असते.

आमच्या धंद्याचाही एक ठरलेला फॉरवर्ड आहे: आंबा खाऊन वर कोल्ड्रिंक प्यायलं की माणूस मरतो. दर उन्हाळ्यात येतो, दोन बाण लावून. खोटा आहे. तो आपल्या स्टेटसवर टाकून खाली 'हे खोटं आहे' लिहिण्याचा शहाणपणा मी एकदा केला. लोकांनी चित्र पाहिलं, खालची ओळ नाही. चार जणांनी काळजीनं विचारलं, "मग यंदा घेऊ की नको?" खोटं खोडायचं असेल तर ते चित्र पुन्हा दाखवू नका, खरं काय तेवढंच लिहा.

निळ्या टिकांना साक्षीदार न मानणं

चॅट म्हणजे तोंडी बोलणं, असं आपण धरून चालतो. २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात नोटीस व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून पाठवली होती. ती नुसती पोचली नाही तर उघडलीही गेली हे खुणांवरून दिसतं, असं म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती बजावली गेल्याचं मान्य केलं. तेव्हा "आंबा खराब निघाला तर सगळे पैसे परत" असं उत्साहात लिहिण्याआधी एक श्वास घ्या. लिहिलंत तर द्यावे लागतील. मी लिहिते, "पेटी उघडल्यावर २४ तासांत फोटो पाठवा, खराब फळं बदलून देऊ."

नको ती विशेषणं

रत्नागिरीच्या आंब्याला 'देवगड' म्हणणं, कर्नाटकच्या आंब्याला दोन्ही म्हणणं, हे बाजारात चालत आलंय. स्टेटसवर ते लेखी होतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतं आहे. आपला आंबा जिथला आहे तिथलं गावाचं नाव लिहा. गावाचं नाव लिहिलेलं लोकांना जास्त खरं वाटतं, असा माझा अनुभव.

'कार्बाइड फ्री' ही ओळ मला नेहमी हसवते. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानंच बंदी आहे. म्हणजे ही जाहिरात 'आम्ही चोरी करत नाही' अशी झाली. त्यापेक्षा गवताच्या अढीचा फोटो टाका आणि किती दिवस ठेवता ते सांगा.

आणि रीलवाल्या मुलीला फुकट पेटी पाठवून 'मला सहज सापडलेला आंबा' असं म्हणायला लावू नका. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार फुकट मिळालेली वस्तूसुद्धा सांगावी लागते, आणि ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. कोवळ्या पोरी-पोरांना हे माहीतच नसतं. 'ही पेटी मला भेट म्हणून आली' एवढं वाक्य बोललं तरी रील काही वाईट दिसत नाही.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट बनवता येतो. आपल्या बँकेत किंवा आपल्या ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय पेटी सोडू नका. "मी मिलिटरीत आहे, युनिटसाठी वीस पेट्या हव्यात, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स येईल" हा फोन दर हंगामात कुणाला तरी येतोच. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकलात की पैसे जातात, येत नाहीत. तसंच, ओळखीच्या नंबरवरून "चुकून तुझ्याकडे सहा आकडी कोड आलाय, पाठव ना" असं आलं तर तो कोड तुमच्याच व्हॉट्सॲपची किल्ली असते. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे व्हॉट्सॲपला आपला स्वतःचा वेगळा पिन लावणं, आजच चालू करा. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते.

खातं बंद पडलं तर

भर हंगामात शेजारच्या बागायतदाराचं खातं बंद झालं. त्यानं कुठूनतरी पुण्यातल्या नंबरांची यादी विकत घेतली होती आणि एका रात्रीत सगळ्यांना भावपत्रक पाठवलं होतं. न ओळखणाऱ्या इतक्या जणांनी 'रिपोर्ट' दाबलं की दुसरं काय होणार? खातं बंद झालं की ॲपमध्येच फेरतपासणीची विनंती करता येते, ती शांतपणे, खरं लिहून करा. परत मिळेल याची खात्री नाही. जीबी व्हॉट्सॲपसारखी नकली ॲपं वापरत असाल तर आधी ती काढा, त्यांच्यामुळेही खाती बंद होतात.

त्याचं खातं दहा दिवसांनी चालू झालं, पण तोवर ऑर्डरी कोणाच्या, पत्ते कोणते, पैसे कोणी दिले, सगळं आत अडकलेलं. म्हणून आमच्याकडे रोज संध्याकाळी दिवसभराच्या ऑर्डरी एका दोनशे पानी वहीत उतरतात. बाबांना ती वही फार आवडते. फोनमधलं त्यांना काही दिसत नाही, वही उघडली की चष्मा लावून नावं वाचतात आणि म्हणतात, "या जोशीणबाईंना मागच्या वर्षी लहान फळ गेलं होतं, यंदा बघून भर."

ते कुठल्याच चॅटमध्ये लिहिलेलं नव्हतं. मी शोधून पाहिलं.